साधार भीती

"आबांनी एवढंच म्हणायचं, की रणजित हितं दिसला तर आमी त्याला जित्ता सोडणार न्हाय," असं म्हणून हिंदुरावांनी बशीतला चहा फुर्र करून ओढला. माझ्या हातात रिकामा ट्रे होता. दुपारचं ऊन खिडकीतून आबांच्या खाटेवर आलं होतं आणि आबा, माझे वडील, ज्यांना उजवा हात तोंडापर्यंत नेता येत नाही, ज्यांना वरणभात मी भरवते, ते भिंतीकडं बघत होते. माझ्या बहिणीला रस्त्यावर टाकून पळालेल्या माणसाचा चुलता आमच्याच घरी येऊन आमच्याकडं खुनाची धमकी मागत होता. तीही कशी, तर घरी कार्य निघाल्यावर शेजारी सतरंज्या मागायला जावं तशी. हसावं की ट्रे त्यांच्या डोक्यात घालावा, मला कळेना. मी विचारलं, "तात्या, साखर बरोबर आहे ना?" ते म्हणाले, "झकास हाय."

हिंदुराव म्हणजे लासुर्ण्याचं मोठं प्रस्थ. कुणाचा बांध फुटला, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या विहिरीच्या पाण्यावरून कुऱ्हाडी निघाल्या, की तात्या मध्ये पडणार, दोघांना समोरासमोर बसवणार, जेवू घालणार आणि मिटवून टाकणार. इंदापूर तालुक्यात आपण न मिटवलेलं भांडण नाही, असं ते स्वतःच सांगतात. त्यांच्यासोबत नात होती, श्रेया, पुण्यात वकिली शिकणारी. तिनं सांगितलं की रणजितनं कॅनडात आश्रय मागितला आहे. भारतात परत गेलो तर बायकोच्या माहेरचे लोक जीव घेतील, असा त्याचा अर्ज आहे. सुनावणी व्हायची आहे. तिथल्या वकिलाला भारतातून पुरावा हवा आहे, म्हणजे आबांचं प्रतिज्ञापत्र. मी बारामतीत कोर्टासमोर बसते, परदेशी जाणाऱ्या पोरांचे दाखले आणि उतारे इंग्रजीत करून देते. म्हणजे धमकी आबांची आणि भाषांतर माझं. एकाच घरात दोन्ही कामं होत होती, हेही तात्यांना सोयीचं वाटलं असणार.

आश्रय. शरणार्थी. हे शब्द ऐकले की माझ्या डोळ्यांसमोर डोक्यावर बोचकं आणि कडेवर पोर घेतलेली बाई येते, जिच्या मागं गाव पेटलेलं आहे. रणजित विमानानं गेला होता. त्याच्या आईनं, शकुबाईंनी, बॅगेत शेंगदाण्याची चटणी दिली होती. विमानतळावर काढलेला फोटो गावभर फिरला होता, त्यात तो हसत होता आणि त्याच्या गळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या, संस्कृतीच्या, लग्नात आबांनी घातलेली साखळी होती. अशा माणसाला शरणार्थी म्हणायचं असेल तर त्या बोचकंवालीला काय म्हणायचं?

"नुसती भीती वाटून चालत नाही, माधवीताई," श्रेया समजावत होती. पोरगी हुशार, परीक्षेत सांगावं तसं सांगत होती. "ती साधार लागते. भीतीला कारण हवं. ते लोक आधी विचारतात, यांचा एवढा राग का?" मी म्हटलं, "मग का? काय सांगितलंय त्यानं?" श्रेया आजोबांकडं बघू लागली. हिंदुरावांनी बिस्किट उचललं. "आता ताई, त्यानं समदं खरं लिवून दिलंय. गाडी आपुनच चालवत हुतो, तिला तशीच टाकून पळालो, म्हणून सासरवाडी खवळलीया. एवढं लिवल्याबिगर त्या लोकास्नी पटणार कसं?" आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

तीन वर्षं मी या एका वाक्याची वाट बघत होते. हे वाक्य मी इंदापूरच्या कोर्टात ऐकलं होतं, लासुर्ण्याच्या पारावर ऐकलं होतं, कधी कधी रणजितला खुर्चीला बांधून त्याच्या तोंडून ऐकलं होतं. सगळं मनातल्या मनात, भाजी निवडताना, आबांचे कपडे पिळताना. आणि ते खरोखर आलं तेव्हा ग्लुकोजच्या बिस्किटासोबत आलं. गळिताचा हंगाम होता तेव्हा. अंथुर्ण्याच्या अलीकडं उसानं भरलेली ट्रॉली उभी, मागं ना दिवा, ना लाल कापड. त्यांची गाडी मागून धडकली आणि समोरची काच फोडून ऊस आत शिरला. रणजित दार उघडून उतरला आणि रानातून पळत सुटला. लोकांनी तिला बाहेर काढून रस्त्याच्या कडेला निजवलं, तेव्हा ती पाणी मागत होती म्हणे. तो परत आला तो तात्यांना घेऊन. तोवर ती संपली होती, आणि कोण कुठल्या सीटवर होतं हे तात्यांसमोर सांगायला कुणी पुढं आलं नाही. तो म्हणाला, हट्टानं तिनंच गाडी घेतली. पोलिसांनी तेच लिहिलं. आमची संस्कृती! मी तिला कालव्याच्या भरावावर स्कूटी शिकवायला नेली होती, तर समोरून सायकल आली तरी डोळे मिटायची, शेवटी रडून म्हणाली, ताई, मी आपली मागं बसत जाईन. आई गेल्यावर तिची वेणी मी घातली, तिच्या उवा मी काढल्या. तिला काय येतं आणि काय येत नाही, हे मला पोलिसांनी सांगायचं? पण मातीला आलेल्या बाया आमच्याच ओट्यावर बसून कुजबुजत होत्या, कशाला बाई पोरीच्या जातीनं गाडी चालवायची. तिचं मरण मी एकवेळ गिळलं असतं. हे बोलणं माझ्या घशात अडकून राहिलं ते राहिलंच.

दहाव्याला हिंदुराव दुखवटा घेऊन आले होते, टॉवेल आणि टोपी. आबा तेव्हा हिंडतेफिरते होते. सगळ्या पाहुण्यांचा दुखवटा त्यांनी घेतला आणि तात्यांच्या वेळी हात मांडीखाली घातले. आमच्याकडं दुखवटा न घेणं म्हणजे नुसता रुसवा नसतो. हे वैर मिटलेलं नाही, असं चारचौघांत सांगणं असतं. ती टोपी तात्यांच्या हातात तशीच राहिली. त्यांच्या उभ्या आयुष्यात न मिटलेलं तेवढं एकच प्रकरण, आणि ते त्यांना टोचत होतं, हे मला माहीत होतं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत आबांना झटका आला.

मी विचारलं, "तात्या, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?" ते म्हणाले, "आता जुनी मढी कशाला उकरायची, ताई." मग मी विचारलं की कुणाकुणाची भीती आहे म्हणतो तो. श्रेयानं दोन नावं सांगितली. आप्पासाहेब, म्हणजे आमचे आबा. आणि आमचा चुलतभाऊ मल्हार. हा मल्हार म्हणजे बोकड कापताना घरात जाऊन बसणारा माणूस. मी थांबले. आणखी कुणी येईल म्हणून थांबले. मग स्वतःच म्हटलं, "आणि मी?" हिंदुराव मनापासून हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, हेच जास्त वाईट होतं. "तुमची कशाला भीती? तुमी बायमाणूस. तुमी काय करणार?"

ते गेल्यावर मी कपबश्या घासल्या. पाणी गार होतं आणि माझे कान तापले होते. मला राग कशाचा आला होता? त्यानं खोटं लिहिलं याचा, की खरं इतक्या उशिरा, इतक्या लांब, परक्या माणसांपुढं आणि स्वतःच्या फायद्यासाठी लिहिलं याचा? की त्याच्या भीतीत मला जागा नव्हती याचा? त्याला कोण मारेल, तर आबा, जे चमचा धरू शकत नाहीत. आणि मी, जी रोज त्याचा गळा आवळून झोपते, ती चहा करणारी. भाषांतराचं काम करून करून मला एक खोड लागली आहे. कागदात चूक दिसली की हात शिवशिवतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी समोरचे दाखले बाजूला सारले आणि त्या देशाचा आश्रयाचा कायदा वाचायला बसले. खिडकीबाहेर टायपिंगवाले, चहावाले, तारखेला आलेली सांगवीची माणसं. मी एकेक शब्द मराठीत करून बघत होते. शरणार्थी कोण? ज्याचा वंश, धर्म, राष्ट्र, राजकीय मत किंवा एखाद्या गटातलं असणं यावरून छळ होईल तो. यात रणजित कुठंच बसत नव्हता, पण त्याच्यासाठी शेजारी दुसरं दार होतं: संरक्षणाची गरज असलेली व्यक्ती, जिच्या जिवाला धोका आहे. मग प्रश्न येतो, त्याचं स्वतःचं सरकार, तिथले पोलीस, तिथली वजनदार माणसं त्याला सांभाळतील का? सांभाळणार असतील तर परदेशानं का सांभाळावं? आणि मग देशातल्या देशात दुसरा आसरा. बारामती-इंदापुरात भीती वाटते ना, मग गुवाहाटीला जाऊन राहा की. तिथं जाऊन तुला शोधण्याचं साधन आणि इच्छा त्या माणसांकडं आहे का? साधन आणि इच्छा, हे दोन शब्द मी बराच वेळ बघत बसले. मी गुवाहाटी पाहिलेली नाही. तरी मला ती दिसायला लागली. ओली गल्ली, पत्र्याची घरं, आणि रणजित पिशवी घेऊन मासळीबाजारात उभा. मी त्याच्या समोरच्या घरात खोली घेतली आहे. मी घाई करत नाही. तो रोज मला बघतो आणि मी त्याला रोज नमस्कार करते. मला दरदरून घाम आला आणि मग लक्षात आलं की मला हसू येतंय. त्याचा अर्ज खरा होता. धोका होता, कारण होतं, इच्छा होती. फक्त नाव चुकलं होतं.

आणि त्याच वेळी सगळा पेच माझ्या समोर उलगडला. आम्ही मारू म्हटलं, की तो वाचला. आमचा जितका राग, तितकी त्याला तिथं जागा. तीन वर्षं जो संताप मी जपला, दूध घालून वाढवला, तोच त्याच्या कामाचा होता, त्याच्यावर तो घर बांधणार होता. आम्ही गप्प बसलो तरी तो म्हणणार, बघा, अजून बोलत नाहीत. मग त्याला इथं आणायचा रस्ता एकच. माफ करायचं. मनातून नव्हे, मनात काय आहे ते कुठलं कोर्ट बघतं? चारचौघांत माफ करायचं, फोटो काढून.

मी तात्यांना फोन केला. म्हटलं, "आबा सही करतील. पण मन मोकळं झाल्याशिवाय हात उचलणार नाही म्हणतात. तुमचा दुखवटा घ्यायचा राहिलाय." तात्या म्हणाले, "ताई, लई दिसांनी देवानं ऐकलं. आमी समदं व्यवस्थित करतो." मी म्हटलं, "साधंच करा." मला माहीत होतं ते साधं करणार नाहीत. मागून श्रेयाचा आवाज आला, "आजोबा, थांबा, असं नका करू. समेट झाला तर मग भीती कसली, असं विचारतील ते." आणि तात्या खेकसले, "तू गप गं. आधी माणसं जोडायची, मग कागद. कायदा कुठं पळून जातोय?" तीन पिढ्यांत त्या घरात पहिल्यांदा कुणी शहाणपणाचं बोललं आणि तिला गप्प केलं. मी फोन ठेवला. माझे हात अगदी कोरडे होते.

लासुर्ण्याला मांडव घातला होता. फलकावर 'मनोमीलन सोहळा', त्याखाली हिंदुरावांचा कमरेपर्यंतचा फोटो हात जोडलेला, आणि कोपऱ्यात हार घातलेली संस्कृती, पासपोर्टच्या फोटोएवढी. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं तिथंच फिसकटलं असतं. आबांना खुर्चीसकट व्यासपीठावर घेतलं. तात्यांनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, आबांचे डोळे वाहत होते आणि ते कशासाठी वाहत होते हे त्यांनाच ठाऊक. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. शकुबाईंनी माझी ओटी भरली. ठेंगणी, वाळकी बाई, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "लेकरू लई गुणाचं हुतं वं ताई तुमचं." मला त्यांचा स्पर्श नकोसा झाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं, पण हे नको. एक यूट्यूबवाला माईक घेऊन सगळं थेट दाखवत होता.

मग तात्यांनी मोबाइलवर रणजितला धरलं. त्याच्याकडं सकाळ होती. जाड जाकीट, दाढी वाढलेली, मागं पांढरी भिंत. तीन वर्षांनी त्याला बघितलं. मी शांत होते, जावयाला जेवायला वाढताना असावं तशी. तात्यांनी फोन माझ्यासमोर धरला, माईक पुढं आला. मी म्हटलं, "रणजितराव, आमच्या मनात आता काही नाही. झालं गेलं गंगेला मिळालं. तुम्ही खुशाल या. आपल्या घरी या. कुणी तुमच्या केसाला धक्का लावणार नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगते." मांडवात टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. त्या मांडवात या वाक्याचा अर्थ कळणारी फक्त दोन माणसं होती, एक मी आणि एक फोनमध्ये. श्रेयाला धरून तीन, पण तिनं मान खाली घातली होती. रणजितचा चेहरा आधी नुसता गोंधळला. मग त्यानं विचारलं, "तात्या, हे लाइव्ह चाललंय का?" तात्या म्हणाले, "तर! समदा तालुका बघतोय तुला, हात जोड." रणजित ओरडला, "बंद करा! तात्या, बंद करा ते!" आणि मग त्याची नजर माझ्यावर आली. लग्नात, बारशाला, मयतीला, इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं कधी नीट बघितलं नसेल. आता बघितलं. मी पदर सावरला आणि त्याला नमस्कार केला.

प्रतिज्ञापत्र मी केलंच. त्यात आबांच्या नावानं एवढंच होतं की दोन्ही घराण्यांचा समेट झाला आहे. वकिलानं ते वापरलं नाही म्हणे. त्याऐवजी साक्षीला स्वतः हिंदुराव बसले, आपल्या बैठकीत, फेटा बांधून, लॅपटॉपसमोर. काय बोलायचं ते श्रेयानं त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. सगळं कसं झालं ते त्यांनी मला नंतर घरी येऊन सांगितलं, आणि छाती पुढं काढून सांगितलं. "मला म्हणले, तुमच्या गावात या माणसाला कुणी सांभाळू शकंल का? आता ताई, हे मला इचारायचं? मी म्हणालो, साहेब, हिंदुराव जित्ता हाय तवर लासुर्ण्यात कुणाची टाप हाय? आमी समदं मिटवलंय. म्हणलं, पायजेल तर व्हिडिओ बघा." मी म्हटलं, "बरोबर बोललात, तात्या." मला हेच अपेक्षित होतं. त्यांना खोटं बोलता येतं, पोलिसांपुढं बोलले होतेच. पण आपल्या गावातलं भांडण आपल्याला मिटवता आलं नाही, हे परक्या साहेबापुढं कबूल करणं त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. दुसऱ्यांच्या भांडणांवर मोठी झालेली माणसं अशीच असतात. त्यांच्या मोठेपणाला हात घातला की ती आपल्या पुतण्यालाही विकतात, आणि वर त्यांना कळतही नाही.

अर्ज फेटाळला गेला. अपील केलं, तेही गेलं. मी कुणाला पेढे वाटले नाहीत. कामं चालू होती. एका विद्यार्थ्याचा जन्मदाखला इंग्रजीत करत होते, तेव्हा शकुबाई ऑफिसात आल्या, एकट्याच, एसटीनं. चपला बाहेर काढून आत आल्या आणि स्टुलावर अर्ध्याच टेकल्या. "पोरगं येतंय, ताई," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "चांगलं झालं, मावशी." "सारखा फोन करून रडतंय. म्हणतंय, आई, ताई मला सोडायच्या न्हाईत. म्या म्हणलं, अरे, त्यांनी ओटी घेतली आपली." टेबलावरच्या कागदांकडं बघत राहिल्या, त्यांना वाचता येत नाही. मग म्हणाल्या, "त्यानं पाप केलंय. मला त्यानं त्याच दिशी सांगितलं हुतं. म्या गप बसले. तुमी मला काय बी म्हणा. पर एक सांगा, तुमच्या मनात खरंच काय न्हाय नव्हं?"

म्हणजे हीही. हिलाही माहीत होतं, आणि तरी तिनं मातीच्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून, पोरीच्या जातीनं गाडी कशाला चालवायची, हे ऐकून घेतलं होतं. मी म्हटलं, "काही नाही, मावशी."

"मग माझ्या डोक्यावर हात ठिवून सांगा," त्या म्हणाल्या, आणि पदर मागं सारून त्यांनी मान पुढं केली.

पोराच्या डोक्याची शपथ त्यांनी मागितली नाही. खोटी शपथ ज्याच्या डोक्यावर घेतली त्याला बाधते, हे त्यांना लहानपणापासून माहीत, मलाही. त्यांनी स्वतःचं डोकं मध्ये घातलं होतं. विरळ पांढरे केस, मधोमध भांग, घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास. क्षणभर मला आईची आठवण झाली आणि मी स्वतःवरच चिडले. बाहेर कुणीतरी कुणाला तारखेसाठी हाका मारत होतं. मला एवढंच म्हणता आलं असतं, मावशी, घरी जा, मी शपथा घेत नाही. म्हणायला काहीच लागत नव्हतं.

मी हात ठेवला. डोकं तापलेलं होतं. "तुमची शपथ, मावशी, माझ्या मनात काही नाही," मी सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत म्हटलं. माझ्या तळव्याखाली त्या नखशिखान्त थरथरल्या. त्यांना कळलं. तरी त्यांनी डोकं मागं घेतलं नाही, डोळे मिटून तशाच बसून राहिल्या, आणि मीही हात उचलला नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.